जिन्याआधीच्या सात फरश्या

४ जानेवारी, मंगळवार

बाळ,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी भांडण.

शाळेच्या अध्यक्षांना तू पाठवलेलं दोन ओळींचं पत्र आज वाचलं. मला कुणी दाखवलं नाही. मोठ्या बाईंनी ते टेबलावर उघडं ठेवलं आणि "जरा चहा घेऊन येते" म्हणून तब्बल अर्धा तास गेल्या. बाई हुशार आहेत. ‘जमीन आणि छत बदलायला माझी हरकत नाही. ती इमारत मी माझी मानत नाही.’ खाली झोकात सही.

तू मानत नाहीस म्हणून ती बेवारस होत नाही. नकाशा तुझा, बांधकाम तुझ्या बाबांचं, आणि तिच्यात वावरतात एकशे दहा मुली, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही. सहा वर्षांत तू एकदा आलीस, तीही बाबांना स्मशानात पोचवायला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. तेव्हा इथे काय चालतं ते तुला माहीत नसणार. मी शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत राहते, दुपारी मुलींना पुस्तकं वाचून दाखवते, मला माहीत आहे.

सकाळी सातला काठ्या सुरू होतात. लांब व्हरांड्यात गुळगुळीत फरशी आहे, तिथे काठी कोरडी वाजते, टक टक. प्रत्येक वर्गाच्या दारापुढे लाकडाची पट्टी, तिथे धप्प. जेवणघराच्या तोंडाशी छिन्नीचे टाचे मारलेला खडबडीत दगड, तिथे काठी खरखरते, आणि बारक्या मुली मुद्दाम दोनदा खरखरवतात. मधल्या चौकात छत एकदम उंच होतं. तिथे नुसतं खाकरलं तरी आवाज वर जातो आणि कळतं, की आता चार वाटा फुटणार. जिन्याआधी फरशीखाली पोकळी ठेवलेली आहे, तिथे डबडब वाजतं. मुलींनी त्या जागेचं नावच ‘डबडब्या’ ठेवलंय. "डबडब्याशी थांब गं, आलेच," अशा ओरडत असतात. तुझ्या नकाशात यातलं काही नव्हतं. तुझ्या नकाशात सगळीकडे एकच फरशी होती आणि तिच्यावर उंचवट्यांच्या पट्ट्या, पुस्तकात असतात तशा.

आता हे सगळं उखडणार आहेत. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी टाइल, खाली उतरवलेलं छत, आणि दर दारावर एक डबी. माणूस जवळ आलं की ती रेकॉर्ड केलेल्या आवाजात बोलणार, "वर्ग तिसरा. वर्ग तिसरा." वीज गेली की मुलींनी काय करायचं, ते कुणी सांगत नाही. जिथल्या तिथे उभं राहायचं बहुतेक.

कारण काय, तर गणिताच्या नव्या बाई मागच्या जिन्यावरून पडल्या. मनगट मोडलं. वाईट झालं. त्यांनाही दिसत नाही. पण त्यांना येऊन पंधराच दिवस झाले होते आणि पायात चपला नव्या होत्या. फरशीत खोट नाही.

वीस तारखेला सभा आहे. नकाशा तुझा, म्हणून तुझ्या सहीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. ती सही परत घे. फोन करू नकोस. फोनवर तू दोन मिनिटांत "ठेवते" म्हणतेस. पत्राला तसं करता येत नाही.

आशीर्वाद.

आई


१० जानेवारी, सोमवार

बाळ,

तुझं कार्ड मिळालं. एवढं मोठं कार्ड आणि त्यावर एक ओळ. ‘बाबांनी माझं कधी ऐकलं? आता मी का ऐकायचं?’

कधीच नाही असं म्हणू नकोस. एकदा नाही ऐकलं.

मागच्या जिन्याशी, कामाच्या शेवटच्या दिवशी. ते वर पाठमोरे बसून फरश्या ठोकत होते. तू खाली पायऱ्यांवर उभी, हातात नकाशाची गुंडाळी. "बाबा, थांबा," असं तीनदा म्हणालीस. ते ठोकत राहिले. सहा माणसं बघत होती आणि त्यातलं कुणीतरी हसलं. तू म्हणालीस, "गवंड्याच्या पोरीने गवंड्याला शिकवू नये, हेच ना?" आणि फाटकाबाहेर पडलीस. मी तिथेच होते. सगळं पाहिलं.

त्यावर मला आणखी काही लिहायचं नाही.

तुझं एक जाड पुस्तक इथे राहिलंय, इमारती कशा आखाव्यात याचं. ते मी संपवलं. मी वाचायला कशी शिकले ते तुला आठवतं का? तू दुसरीचं पुस्तक घेऊन बसायचीस आणि मी समोर बसून भाजी निवडायचे. त्यामुळे पहिली दोन वर्षं मला उलटी अक्षरं जास्त बरी वाचता यायची. आता सुलटी वाचते, आणि सुलटं वाचून सांगते, की तुझ्या या पुस्तकात खिडक्यांवर चाळीस पानं आहेत आणि आवाजावर दीड. त्या दीड पानातही आवाज म्हणजे उपद्रव. बाहेरचा आत येऊ नये, आतला घुमू नये, एवढंच. आवाजाने माणसाला घर दाखवावं, वाट सांगावी, हे त्या लेखकाच्या गावीच नाही. इमारत ही बघायची वस्तू आहे अशी त्याची समजूत आहे. डोळ्यांना फडकं बांधून त्याने इथे एक दिवस काढावा. जेवायच्या वेळी तरी अक्कल येईल.

गणिताच्या बाईंकडे गेले होते. हात गळ्यात अडकवून बसल्या होत्या. वय तिशीचंही नसेल, म्हणून मी सरळच म्हटलं, "तुम्ही सभेत फरशीच्या बाजूने बोला."

"फरशीच्या बाजूने पडले, तेवढं पुरे नाही का काकू?"

"चपला नव्या होत्या म्हणे."

"चपला तीन वर्षांच्या आहेत. नवी मी आहे." मग म्हणाल्या, "मला पुढच्या जिन्याशी शिकवलं, डबडब वाजलं की थांबायचं. मागच्या जिन्याशी डबडब आलीच नाही. तुमची फरशी माझ्याशी खोटं बोलली."

मी उठून आले. वयाच्या मानाने त्यांची जीभ फार धारदार आहे. तुझं आणि त्यांचं जमेल.

सही परत घे.

आई


१३ जानेवारी, गुरुवार

बाळ,

पहिल्या पत्रात ‘फरशीत खोट नाही’ असं लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाक.

काल गणिताच्या बाईंनी मला मागच्या जिन्याशी नेलं आणि स्वतःची काठी माझ्या हातात दिली. "डोळे मिटा आणि वाजवा." मी उघड्या डोळ्यांनीच वाजवली. टक टक, व्हरांड्यासारखीच, थेट पहिल्या पायरीपर्यंत. मग डोळे मिटून वाजवली. तेच.

"मग मुलींना कसं कळतं?" मी विचारलं.

"शेवटच्या दारापासून अकरा पावलं मोजतात. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवतात. मला सांगायचं राहिलं, कारण आपण मोजतो हे आता त्यांच्याही लक्षात येत नाही. आणि आली कोण, तर गणिताची बाई."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही.

तुला आधीपासून माहीत होतं का, असं विचारशील. माहीत नव्हतं. पण सहा वर्षांत मी त्या जिन्याने एकदाही गेले नाही, यावरून काय ते ओळख.

आता जे लिहिते ते तुझ्या बाबांना दिलेला शब्द मोडून लिहिते. त्यांना ऐकू येत नव्हतं. दगड कापायच्या मशीनपाशी तीस वर्षं काढली, कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. शाळेचं काम मिळालं त्याच्या दोन वर्षं आधीपासून ते माझ्या ओठांकडे बघून माझं बोलणं ओळखत होते. कान जायला लागले तेव्हाच त्यांचं आवाजाकडे लक्ष गेलं. म्हणायचे, "अगं, घरात किती गोष्टी बोलत होत्या, मी कधी दखलच घेतली नाही." ती जमीन त्यांना तिथून सुचली.

पण बहिऱ्या गवंड्याला असं काम कोण देणार? आणि तुझं ते पहिलंच काम. तुला कळलं असतं तर तू दुसरा माणूस नेमला असतास. नेमायलाच हवा होता. म्हणून त्यांनी मला शपथ घातली आणि मी त्यांचा कान झाले. तुला वाटायचं, आई डबा घेऊन येते आणि दिवसभर कट्ट्यावर बसून राहते. ते हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकायचे आणि माझ्याकडे बघायचे. एक बोट म्हणजे बरोबर. दोन बोटं म्हणजे उचला. कितीतरी उचलायला लावल्या मी. मजूर म्हणायचे, म्हातारा लहरी आहे. लहरी मी होते.

त्या दिवशी तुझी हाक त्यांना पोचली नाही. तिन्ही वेळा. मला पोचली. त्यांच्या खांद्याला हात लावला असता तर ते वळले असते. पण मग सहा माणसांना कळलं असतं, म्हणून मी हात मांडीवर ठेवून बसले. तू फाटकाकडे निघालीस. मी तुझ्या पाठीकडे बघत होते. तेवढ्यात त्यांनी शेवटच्या सात फरश्या ठोकल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मी एक बोट दाखवलं. ऐकलं नव्हतं.

फरश्यांखाली सिमेंटचा माल जास्त पडून पोकळी बुजली असणार. कुणालाही ऐकू आलं असतं. त्यांनी माझ्या बोटावर विश्वास ठेवला आणि अवजारं धुवायला गेले. संध्याकाळी विचारलं, "पोरगी कुठाय?" मी म्हटलं, काम निघालं म्हणून गेली. तू का गेलीस, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्यांना वाटत राहिलं, की जमीन बदलली म्हणून तू रुसलीस. म्हणायचे, एकदा येऊन ऐकेल आणि राग जाईल.

फरशी खोटं बोलली नाही. मी बोलले.

हे मी वीस तारखेला सभेत सांगणार आहे. तुझी परवानगी मागत नाही. बाबांच्या फोटोशी कालपासून घरात भांडतेय. ते नेहमीसारखे ऐकत नाहीत. तुला राग येईल, तो येऊ दे. निदान आता तो जिच्यावर यायला हवा तिच्यावर येईल.

आई


२१ जानेवारी, शुक्रवार

बाळ,

तुझं काहीच उत्तर नाही. तरी सभेत काय झालं ते तुला कळायला हवं.

नऊ जण बसले होते. बोलक्या डब्या लावणारे साहेबही नमुने घेऊन आले होते. मी उभी राहिले आणि तुला लिहिलं ते सगळं सांगितलं. रडले नाही. मधे पाणी मात्र मागितलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे काकू, जमीन सदोष आहे हे तुम्हीच कबूल करता."

"सात फरश्या. एकूण दोन हजारांवर आहेत. एक दात किडला म्हणून कुणी बत्तीशी उपटत नाही."

"आणि एका बहिऱ्या माणसाने केलेल्या जमिनीवर आम्ही मुलींना चालवायचं?"

मी म्हटलं, "सहा वर्षं चालवताय. कुणी पडलं का? जी पडली ती माझ्या चुकीने पडली, त्यांच्या नाही. आणि हे डब्यांचे साहेब, यांचे कान-डोळे धडधाकट आहेत ना? त्यांनी नमुना म्हणून जेवणघराच्या दारावर डबी लावली आहे. ती सकाळपासून सगळ्यांना ‘स्नानगृह’ म्हणून सांगतेय. तिसरीतल्या दोघी टॉवेल घेऊन जेवायला आल्या."

मोठ्या बाईंना जोरात खोकला आला. साहेब बॅगेत काहीतरी शोधायला लागले.

मग गणिताच्या बाई बोलल्या. मला वाटलं, आता संपलं. त्या म्हणाल्या, "मला काकूंच्या जुन्या गोष्टींशी देणंघेणं नाही. ती जागा दुरुस्त करून दाखवा. मी पावलं न मोजता चालेन. पायरीआधी थांबले तर जमीन राहील, नाही थांबले तर जाईल."

"आणि पुन्हा पडलात तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"दुसरा हात आहे की."

अध्यक्षांनी पंधरा दिवस दिले. अट अशी, की दुरुस्ती नकाशावर हवी आणि त्यावर तुझी सही हवी. "कागदावर नसलेलं काही या इमारतीत पुन्हा होणार नाही," म्हणाले. तुझ्यावाचून अडलंय असं समज हवं तर. पण खरं सांगते, तू नकाशा नाही पाठवलास तरी मी त्या सात फरश्या उचलणार. बाबांच्या हाताखालचा तो उंच गवंडी, ज्याला सगळे ओळंबा म्हणायचे, तो यायला तयार आहे. फार तर मला इथून हाकलतील. माझं सामान दोन पेट्या भरेल एवढंच आहे आणि त्यातली एक पुस्तकांची.

बाबा बहिरे होते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. काल रात्रभर मला वाटत होतं, त्यांना उघडं पाडलं. आज मोठ्या मुलींनी दुपारचं वाचन बंद ठेवलं आणि मला त्यांच्याबद्दल विचारत बसल्या. ते आवाज कसे ओळखायचे, बोटं कशी, दोन म्हणजे काय. एकीने माझा हात हातात घेऊन दोन बोटं चाचपून पाहिली.

तुला काय करायचं ते कर.

आई


६ फेब्रुवारी, रविवार

बाळ,

नकाशा वेळेवर पोचला. सोबत पत्र नाही, ख्यालीखुशाली नाही. मी कागद उलटसुलट करून पाहिला. मग कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेलं दिसलं, ‘कोणता कान?’

डावा पूर्ण, उजवा अर्धा. तू त्यांच्या मागे, डाव्या हाताला उभी होतीस. उजवीकडे असतीस तर कदाचित. हे ‘कदाचित’ मी सहा वर्षं चघळलंय, त्यात काही रस उरलेला नाही. तू ते सुरू करू नकोस.

आता कामाचं. ओळंब्याने तुझा नकाशा जमिनीवर पसरला, चारही कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसला. "ताईंनी फरशीखाली मधोमध विटेचे टेकू काढलेत," म्हणाला. "म्हातारबा असते तर म्हणाले असते, टेकू म्हातारपणात लागतात." पण टेकू तुझे बरोबर आहेत. पुढच्या जिन्याशी बाबांनी ते ठेवले नव्हते आणि तिथल्या दोन फरश्यांना बारीक तडे गेलेत. मी ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता तिथेही टेकू देतोय.

सात फरश्या उचलल्या. खाली माल खडकासारखा घट्ट झाला होता, फोडायला दोन दिवस गेले. एका फरशीच्या पोटाला बाबांच्या बोटांचे ठसे होते, माल ओला असताना उमटलेले. ओळंब्याने ती बाजूला ठेवली आणि म्हणाला, "ही बदलूया का?" मी म्हटलं, तीच परत बसव. फरशी चांगली आहे.

तू पोकळी पन्नास मिलिमीटर लिहिली आहेस. पन्नास ठेवून पाहिली. वाजली, पण दारापुढच्या लाकडी पट्टीसारखी वाजली. एखादीला वाटायचं, वर्ग आला, आणि पाऊल पुढे टाकायची. ओळंबा म्हणाला, कागदावर पन्नास आहे, सही आहे, कशाला खाजवून खरूज काढता? मी दोन बोटं दाखवली. त्याने उचलली. पासष्टला बरी वाजली. पुन्हा दोन बोटं. पंच्याहत्तरला तो आवाज आला, पुढच्या जिन्याशी आहे तोच, पोटातून येणारा. तेव्हा एक दाखवलं. या वेळी डोळे मिटून, तीनदा ऐकून.

परवा दुपारी गणिताच्या बाई चालल्या. ओळंबा खाली पायऱ्यांवर हात पसरून उभा, व्हरांड्यात सगळी शाळा भिंतीला टेकून गप्प. पावलं मोजली असा कुणी संशय घेऊ नये म्हणून त्या सतराचा पाढा मोठ्याने म्हणत निघाल्या. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. अध्यक्ष पुसट आवाजात काहीतरी पुटपुटत होते, बहुधा तेही पाढाच म्हणत असावेत. मी कुणाकडे बघत नव्हते, काठीकडे बघत होते. "सतरा पंचे" म्हणाल्या आणि काठी डबडबली. त्या थांबल्या. पहिली पायरी त्यांच्या पावलापासून हातभर लांब होती. काठी त्यांनी पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा, ओळखीच्या माणसाला चापट मारावी तशी.

"पंच्याऐंशी, बाई," मागून कुणीतरी बारकं म्हणालं, आणि सगळ्या शाळेत हशा फुटला.

जमीन राहणार. छतही राहणार. डब्यांच्या साहेबांनी आपल्या डब्या नेल्या. गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "आता मी तुमच्या बाजूने बोलले असं समजू नका. मी फरशीच्या बाजूने बोलले." मी म्हटलं, मला तेवढंच हवं होतं.

एक अडचण राहिली आहे. अध्यक्षांनी संध्याकाळी पट्टी घेऊन मापं तपासली. कागदावर पन्नास आणि जमिनीत पंच्याहत्तर, हे त्यांना चालत नाही. दोन्ही जुळलं तरच ते शेवटचा शिक्का मारतील. जमीन मी आता उचलणार नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. नकाशा तूच दुरुस्त कर.

टपालाने पाठवलास तर अध्यक्षांना चालेल. मला चालणार नाही.

आई